हेड उतरवण्याआधी गॅरेजकडून काय मागून घ्यायचं

प्रश्न: माझी पेट्रोल कार सात वर्षं जुनी आहे. गेल्या आठवड्यात महामार्गावर तापमानाचा काटा एकाएकी लाल पट्ट्यात गेला आणि बॉनेटखालून वाफ यायला लागली. गाडी बाजूला घेऊन बंद केली, टो करून जवळच्या गॅरेजमध्ये नेली. तासाभरात फोन आला: ‘स्कॅनर लावून पाहिलं, हेड गॅस्केट गेलंय. हेड उतरवावं लागेल, कदाचित इंजिनच बदलावं लागेल.’ खर्चाचा एकच मोठा आकडा सांगितला, फोड काही नाही. ओळखीच्या एका मेकॅनिकला फोनवर विचारलं, तर तो म्हणाला, ‘थर्मोस्टॅट असेल, किरकोळ काम आहे.’ गाडी पहिल्याच गॅरेजमध्ये आहे आणि ते रोज विचारतात, ‘हेड उतरवू का?’ मला गाडीतलं फारसं कळत नाही. यातलं कोणाचं खरं मानायचं?

उत्तर: गॅरेजला आजच कळवा की हेडला (सिलिंडरांवरच्या इंजिनाच्या झाकणाला) हात लावू नका, आधी तपासण्या करा, आणि तपासणीची मजुरी मी वेगळी देईन. ‘वेगळी देईन’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. तपासणीचे पैसे मिळणार नसतील, तर मेकॅनिकचा तो वेळ दुरुस्तीच्या बिलातूनच वसूल होतो आणि मग कल मोठ्या दुरुस्तीकडे झुकतो. माणूस सरळ असला तरी हे होतं. गरम झालेल्या इंजिनाची नीट तपासणी करायला दोन-तीन तास पुरतात. तेवढ्या तासांची मजुरी देऊन तुम्हाला हेड उतरवायचं की नाही हे कळणार असेल, तर ती मागेपुढे न पाहता द्यावी.

त्याच फोनमध्ये आणखी एक गोष्ट सांगा: प्लग काढल्याशिवाय सेल्फ मारू नका. गॅस्केट, म्हणजे हेड आणि त्याखालचा इंजिनाचा ब्लॉक यांच्यामधला पातळ थर, खरोखर गेलं असेल, तर उभ्या गाडीत कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) झिरपून एखाद्या सिलिंडरमध्ये साचलेलं असू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. अशा सिलिंडरवर पिस्टन जोराने आला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि गॅस्केटचं काम इंजिनाचं होऊन बसतं. प्लग काढून इंजिन फिरवलं तर साचलेलं पाणी प्लगच्या भोकातून बाहेर उडतं. त्यातून एक पुरावाही हाती लागतो.

तुम्हाला मिळालेली दोन्ही उत्तरं सध्या अंदाज आहेत. पहिल्याने गाडी पाहिली, पण त्याने जी तपासणी केल्याचं सांगितलं तिच्यातून तो निष्कर्ष निघत नाही. दुसऱ्याने तर गाडी पाहिलीच नाही. दोघांपैकी कोणाचाही अंदाज खरा निघू शकतो, म्हणून दोघांनाही एकच विचारा: कोणती टेस्ट केली आणि आकडा काय आला?

स्कॅनरचं आधी संपवू. हेड गॅस्केट गेल्याचा असा कोडच नसतो. स्कॅनर गाडीच्या कंट्रोल युनिटने नोंदवलेली तक्रार वाचतो, आणि त्या युनिटला सेन्सरकडून आलेल्या आकड्यांपलीकडे काही कळत नाही. तुमच्या गाडीत पी०२१७ कोड आला असेल, तर त्याचा अर्थ इंजिन मर्यादेपलीकडे तापलं, आणि ते तुम्हाला काट्याने आधीच सांगितलं होतं. पी०३०१ ते पी०३०४ यांतला एखादा असेल, तर शेवटच्या आकड्याच्या सिलिंडरमध्ये मिसिंग आहे, म्हणजे तिथे इंधन नीट पेटत नाही. ती गॅस्केटमुळे असेल, तशीच प्लग, इग्निशन कॉइल किंवा इंजेक्टरमुळेही असेल. कॉइलचा संशय असल्यास ती दुसऱ्या सिलिंडरवर लावून पाहतात. मिसिंग कॉइलबरोबर सरकलं तर दोष कॉइलचा, जागच्या जागी राहिलं तर कॉइल निर्दोष. याला एक नवा पैसाही लागत नाही, आणि तरी कित्येकदा ही अदलाबदल न करताच कॉइल बदलल्या जातात.

म्हणून कोडचा पूर्ण क्रमांक मागा आणि स्कॅनरच्या पडद्याचा फोटोही मागा. कोडसोबत बहुतेक वेळा ‘फ्रीझ फ्रेम’ साठवलेली असते: तो बिघाड नोंदवला गेला त्या क्षणी गाडीचा वेग किती, इंजिनाचे फेरे किती, कूलंटचं तापमान किती. कोड पुसले की ही नोंदही जाते, म्हणून फोटो आधी, पुसणं नंतर.

आता तुमच्याकडची माहिती. मेकॅनिकला ‘गाडी गरम झाली’ एवढंच सांगू नका. काटा लाल पट्ट्यात गेल्यावर गाडी किती मिनिटं चालली, हे प्रामाणिकपणे सांगा, कमी करून सांगू नका. हल्लीच्या बहुतेक कारचं हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि ते जादा तापलं की वाकतं. गाडी एक मिनिट चालली की दहा मिनिटं, यावर शोधाची दिशा ठरते. गेल्या काही आठवड्यांत कूलंट भरावं लागलं होतं का? हीटर सुरू असेल तर त्यातून मध्येच गार हवा यायला लागली होती का? तसं असेल, तर कूलंट कमी पडलं होतं किंवा फिरत नव्हतं. काटा वर जाऊन एकदम खाली आला आणि वाफ मात्र चालूच राहिली, असं झालं असेल तर तेही सांगा. कूलंट निघून गेल्यावर तापमानाचा सेन्सर कोरडा पडतो आणि चुकीचा, कमी आकडा दाखवतो. गाडी गार झाली असं वाटून लोक पुढे चालवतात आणि इंजिनाचं खरं नुकसान तिथे होतं.

गाडी महामार्गावर वेगात असताना गरम झाली, हा तपशीलही मोलाचा आहे. रेडिएटरचा पंखा बंद पडला असता तर गाडी सहसा सिग्नलला किंवा कोंडीत तापली असती. वेगात समोरची हवाच रेडिएटर थंड ठेवते. वेगात तापलेल्या गाडीत आधी पाहायचं ते गळालेलं कूलंट, आतून गाळ धरलेला रेडिएटर, वॉटर पंप, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) आणि हेड गॅस्केट. पंखा सर्वांत शेवटी. तुमच्या गॅरेजने पहिल्यांदा पंख्याची मोटर बदलायची म्हटलं असतं, तर ‘वेगात तापली, मग पंखा कसा?’ हा प्रश्न तुम्हीही विचारू शकला असता.

तपासण्यांचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा. पहिली पायरी डोळ्यांची, आणि इंजिन पूर्ण थंड असताना. रेडिएटरची कॅप गरम असताना कोणीही उघडू नये, तुम्ही तर नाहीच. बंद यंत्रणेत एक बार जादा दाब असला की साधं पाणीसुद्धा सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. कॅप उघडताच दाब जातो आणि ते सगळं एकदम उकळून अंगावर येतं. थंड गाडीत कूलंटची पातळी, त्याचा रंग, त्यावर तेलाचा तवंग पाहायचा. होजपाइपच्या क्लॅम्पजवळ, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीच्या सांध्यावर, वॉटर पंपाखालच्या छोट्या भोकाजवळ वाळलेल्या कूलंटचे पांढरे किंवा रंगीत ओघळ दिसतात का ते बघायचं. पंपाच्या त्या भोकातून ओल येत असेल तर पंपाचं सील गेलेलं असतं. पुढच्या सीटखालचा गालिचा ओला आणि गोडसर वासाचा असेल, तर गळती हीटरच्या आतल्या छोट्या रेडिएटरची.

दुसरी पायरी प्रेशर टेस्ट. कॅपच्या जागी हातपंप लावून कॅपवर छापलेल्या दाबाएवढी हवा भरतात, बहुतेक कारमध्ये हा दाब ०.९ ते १.५ बार असतो, आणि पंधरा-वीस मिनिटं काटा बघतात. दाब टिकला तर बाहेरची गळती नाही. उतरला आणि बाहेर कुठेही ओल दिसली, तर गळती सापडली. उतरला आणि बाहेर सगळं कोरडं, तर कूलंट आत जातंय. अशा वेळी प्लग काढून, दाब तसाच ठेवून, अर्ध्या तासाने प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा घालून पाहावं. एका पिस्टनचा माथा धुतल्यासारखा चकचकीत आणि बाकीचे काजळीने काळे, असं दिसलं तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जात होतं. फोटो मागा. कॅपचीही याच पंपावर परीक्षा होते. कमी दाबाला सुटणारी जुनी कॅप एकटीच गाडी तापवू शकते, आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं.

तिसरी टेस्ट तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर देणारी आहे आणि तिला थोडीच मिनिटं लागतात. कूलंटच्या तोंडावर एक पारदर्शक नळी ठेवतात, तिच्यात निळा द्रव असतो, आणि चालू इंजिनातल्या कूलंटवरची हवा त्या द्रवातून ओढतात. सिलिंडरमधला जळका वायू कूलंटमध्ये मिसळत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे द्रव पिवळा पडतो. पेट्रोल इंजिनासाठी हा पुरावा बोलका आहे. टेस्ट करताना कूलंटची पातळी आधी थोडी खाली आणावी लागते. नळीत कूलंटच शिरलं तर द्रव बाद होतो आणि निकालही. गळती अगदी बारीक असेल तर रंग बदलायला वेळ लागतो, म्हणून इंजिन चांगलं तापल्यावर टेस्ट करायची आणि फेरे थोडे वाढवायचे. पुन्हा जादा तापू लागलं तर मात्र तिथेच थांबायचं. हा संच महाग नसतो. हेड उतरवायला निघालेल्या गॅरेजकडे तो नसावा किंवा असून वापरू नये, हे मला पटत नाही.

चौथी, कंप्रेशन टेस्ट. सगळे प्लग काढायचे, इंधन आणि इग्निशन बंद करायचं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, बॅटरी भरलेली हवी, आणि प्रत्येक सिलिंडरवर दाबमापक लावून, सेल्फ मारून पिस्टनचे सारखेच, चार ते सहा, दाब घ्यायचे. धडधाकट पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १४ बार मिळतात. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा कंपनीच्या दुरुस्ती पुस्तिकेत असतो. एकूण आकड्याइतकाच सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर काहीतरी बिघडलंय. समजा आकडे १२.५, १२.२, ६ आणि ५.८ आले. तिसरा आणि चौथा शेजारी आहेत आणि दोघेही पडलेत, म्हणजे त्यांच्यामधली गॅस्केटची पट्टी जळाली असण्याची शक्यता मोठी. एकच सिलिंडर पडला असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर पिस्टन रिंगा झिजल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. पण कंप्रेशन ठीक आलं म्हणून गॅस्केट निर्दोष ठरलं असं समजू नका. सिलिंडर आणि कूलंटच्या वाटेतली बारीक भेग कंप्रेशनच्या आकड्यात दिसत नाही. ती निळ्या द्रवात किंवा लीक-डाउन टेस्टमध्ये पकडली जाते. लीक-डाउनमध्ये पिस्टन माथ्याशी आणून सिलिंडरमध्ये हवा भरतात आणि ती कुठून निघते ते ऐकतात. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा भेग, सायलेन्सरकडून हवा आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा.

या चारांपैकी दोन स्वतंत्र टेस्ट एकच गोष्ट सांगत असतील, तर हेड उतरवण्यात शहाणपण आहे. ऑइल कॅपखाली दिसणारा दुधी थर मात्र एकटा पुरावा मानू नका. रोज थोडंच अंतर चालणाऱ्या गाडीत, विशेषतः थंडीत, तिथे दमट हवेचं पाणी साचून असाच थर बनतो. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधी असेल तर गोष्ट वेगळी.

सगळं नकारात्मक आलं तर तुमच्या ओळखीच्या मेकॅनिकचा थर्मोस्टॅट पुढे येतो, आणि त्याचीही टेस्ट आहे. काटा वर चढत असताना रेडिएटरचा वरचा पाइप गारच राहिला तर थर्मोस्टॅट उघडत नाही. काढून पाण्यात टाकायचा, पाणी तापवायचं, थर्मामीटर धरायचा. त्यावर ८२ किंवा ८८ असा जो आकडा कोरलेला असेल, तिथे तो उघडायला सुरुवात व्हायला हवी आणि आणखी १०-१५ अंशांत पूर्ण उघडायला हवा. रेडिएटर आतून तुंबला असेल तर इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवल्यावर त्याच्या जाळीवर गार पट्टे सापडतात. पण थर्मोस्टॅटच दोषी निघाला, तरी निळ्या द्रवाची टेस्ट करूनच गाडी घ्या. लाल पट्ट्यापर्यंत तापलेल्या इंजिनात मूळ दोष किरकोळ असला तरी उष्णतेने पुढे काय केलं ते पाहायलाच हवं. ‘किरकोळ काम आहे’ म्हणणाऱ्या मेकॅनिकने ही तपासणी वगळली, तर महिन्याभरात तुम्ही पुन्हा रस्त्याच्या कडेला उभे असाल.

याची उलट बाजू गॅरेजच्या कोटेशनमध्ये शोधा. हेड गॅस्केट बहुतेक वेळा आपण होऊन जात नाही. गाडी दुसऱ्या कशाने तरी तापते आणि मग ते जातं. म्हणून ‘मुळात गाडी तापली कशामुळे?’ याचं उत्तर ज्या कोटेशनमध्ये नाही ते अपुरं आहे, रक्कम कितीही वाजवी असो. पंप, रेडिएटर, थर्मोस्टॅट, कॅप यांतलं काय दोषी आणि काय ठीक हे त्यात लिहिलेलं असावं. तसं न करता नवं गॅस्केट बसवलं, तर तेही जाईल.

‘कदाचित इंजिनच बदलावं लागेल’ हे वाक्य सध्या बाजूला ठेवा. ब्लॉकला भेग, सिलिंडरच्या भिंतीवर खोल ओरखडे, बेअरिंगचा ठोका किंवा पडलेलं ऑइल प्रेशर, यांतलं काही दाखवता आलं तरच इंजिन बदलायची चर्चा सुरू होते. भेग आणि ओरखडे बहुधा हेड काढल्यावरच दिसतात. इथे मेकॅनिकची बाजूही खरी आहे: हेड उतरवल्याशिवाय संपूर्ण खर्च सांगणं त्याला शक्यच नसतं. यावर उपाय एकच, कोटेशन टप्प्यांत घ्यायचं.

पहिला टप्पा तपासणी, ठरलेल्या रकमेत. दुसरा टप्पा हेड उतरवणं आणि मोजणं, त्याचीही रक्कम ठरलेली. तिसरा टप्पा दोन पर्यायांत: हेड फक्त वाकलेलं निघालं तर अमुक, भेगाळलेलं निघालं तर तमुक. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी गॅरेज थांबेल आणि तुमच्या होकाराशिवाय पुढे जाणार नाही. आणि सहसा कोणी विचारत नाही तो प्रश्न इथे विचारा: दुसऱ्या टप्प्यानंतर मी नको म्हटलं तर किती पैसे द्यायचे आणि गाडी कोणत्या अवस्थेत परत मिळेल? उघडलेलं इंजिन खोक्यांत भरून मिळणार असेल, तर तुमची सौदा करण्याची ताकद तिथेच संपते. ‘हेड उतरवू का?’ या प्रश्नाला घाईत ‘हो’ म्हणण्यातला खरा धोका हा आहे.

हेड उतरल्यावर कोणते आकडे मागायचे, तेही सांगून ठेवा. हेडवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) फट मोजतात: लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर. बऱ्याच इंजिनांत ०.०५ मिलिमीटरच्या आसपासचा वाक चालतो, काहींत ०.१ पर्यंत; मर्यादा तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतली धरायची. ब्लॉकचा पृष्ठभागही याच पट्टीने तपासायचा, आणि हे हमखास राहून जातं. वाक मर्यादेबाहेर असेल तर मशीन शॉपमध्ये फेसिंग मारतात, म्हणजे पृष्ठभाग खरवडून सपाट करतात, पण त्याआधी हेडची भेगांसाठी प्रेशर टेस्ट व्हायला हवी. भेगाळलेल्या हेडला फेसिंग मारणं म्हणजे पैसे पाण्यात. फेसिंगनंतर हेडची उंची मोजून कंपनीच्या किमान उंचीशी ताडायची, कारण जास्त खरवडलं तर कंप्रेशन वाढतं आणि इंजिन ठोके देऊ लागतं.

आता रकमेची फोड. एका ओळीत ‘हेड गॅस्केट काम’ असं लिहिलेलं कोटेशन परत करा. नव्या कोटेशनमध्ये गॅस्केट सेट वेगळा दिसावा (हेड गॅस्केटबरोबर व्हॉल्व्ह कव्हर, इनटेक आणि एक्झॉस्टची गॅस्केटं, व्हॉल्व्ह सील). हेड बोल्ट वेगळे असावेत: आजच्या पुष्कळ इंजिनांत ते ताणून घट्ट करायच्या जातीचे असतात, ठरावीक टॉर्क (पिळण्याचा जोर) आणि मग ठरावीक अंश फिरवून, आणि एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा वापरायचा नसतो. बोल्टची ओळ नसेल तर ‘जुनेच लावणार का?’ असं सरळ विचारा. मशीन शॉपचं बाहेरचं काम त्याच्या मूळ पावतीसह. इंजिन ऑइल आणि फिल्टर, कारण कूलंट मिसळलेलं ऑइल बेअरिंग खातं. कूलंट, किती लिटर आणि कोणत्या प्रकारचं; चार सिलिंडरच्या कारला साधारण ४ ते ७ लिटर लागतं, त्यात पाणी किती आणि कूलंट किती हेही. प्रत्येक पार्टपुढे तो कंपनीचा ओरिजिनल, दुसऱ्या चांगल्या उत्पादकाचा, रीकंडिशन केलेला की वापरलेला, आणि शक्य तिथे पार्ट नंबर. नंबर मिळाला की किंमत तुम्ही स्वतः कुठेही विचारू शकता. गॅरेजने पार्टवर थोडा नफा धरणं गैर नाही; तो पार्ट चुकीचा निघाला तर बदलून देण्याची जबाबदारीही त्यांचीच असते.

मजुरी तासांत मागा: किती तास, तासाचा दर काय. इंजिनाच्या मांडणीनुसार हेड उतरवून परत बसवायला ८ ते १५ तास लागू शकतात. इथे एक गोष्ट बारकाईने पाहा. हेड काढताना टायमिंग बेल्ट किंवा चेन सोडावीच लागते. त्यामुळे याच कामात बेल्ट, टेन्शनर आणि बेल्टवर चालणारा वॉटर पंप बदलणं फायद्याचं असतं, पार्टचेच पैसे जास्त, मजुरी जवळपास नाही. बिलात मात्र ‘टायमिंग बेल्ट बदलणे’ आणि ‘वॉटर पंप बदलणे’ यांची पूर्ण मजुरी पुन्हा वेगळी लावलेली असेल, तर एकाच कामाचे पैसे दोनदा घेतले जात आहेत. इंजेक्टर सफाई, इंजिन फ्लश, इंधनात टाकायची बाटली, व्हील अलाइनमेंट अशा ओळी दिसल्या तर त्या काढायला सांगा. या बिघाडाशी त्यांचा संबंध नाही. रेडिएटरमध्ये ओतायची ‘गळती बंद’ करणारी बाटली तर दुरुस्ती म्हणून स्वीकारूच नका. ती हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते.

दुसरं मत घ्यायचं तर तपासणीच्या आकड्यांनंतर घ्या. नव्या गॅरेजला फक्त लक्षणं सांगा, पहिल्याचा निष्कर्ष आणि रक्कम सांगू नका, नाहीतर ते त्याच उत्तराभोवती बोलतील. निदान ठरलं की मग दोन्हीकडे एकाच कामाची, एकाच दर्जाच्या पार्टची कोटेशनं मागा आणि ओळीला ओळ लावा. एक रक्कम फारच कमी असेल तर बहुधा बोल्ट, हेडची प्रेशर टेस्ट किंवा ब्लॉकची तपासणी तिच्यात नसते.

गॅरेजला पाठवायचा मजकूर असा चालेल: ‘हेड उतरवू नका. प्लग काढल्याशिवाय सेल्फ मारू नका. कोड आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो पाठवा, कोड पुसू नका. कूलिंगची प्रेशर टेस्ट, कूलंटमध्ये जळक्या वायूची टेस्ट आणि चारही सिलिंडरचं कंप्रेशन मोजून आकडे लेखी कळवा. तपासणीची मजुरी किती ते आधी सांगा, ती मी देईन. त्यानंतर पार्ट, मजुरीचे तास, बाहेरचं काम आणि कर वेगवेगळे दाखवून टप्प्यांत कोटेशन द्या. ठरलेल्या रकमेच्या वर जायच्या आधी मला विचारा. काढलेले पार्ट मला परत हवेत. पार्ट आणि मजुरी दोन्हींची वॉरंटी किती महिने किंवा किती किलोमीटर, ते लिहून द्या.’ सूर सौम्य ठेवा. चांगला मेकॅनिक यातलं निम्मं न सांगता करत असतो आणि त्याला असं गिऱ्हाईक आवडतं. आकडे द्यायला टाळाटाळ झाली किंवा ‘आजच सांगा, उद्या हा भाव नाही’ असं ऐकू आलं, तर दुसऱ्यांदा टो करण्याचा खर्च सोसून गाडी हलवा.

काम झाल्यावर पूर्ण रक्कम देण्याआधी मेकॅनिकला सोबत घेऊन अर्धा तास गाडी चालवा, मग उभी करून इंजिन चालू ठेवा. रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होऊन बंद व्हायला हवा, दोनदा. काटा मध्यावर स्थिर, हीटर लावला तर गरम हवा, कूलंटच्या टाकीत बुडबुडे नाहीत. यंत्रणेत हवा अडकलेली राहिली तर पहिल्या एक-दोन दिवसांत कूलंटची पातळी थोडी उतरते. ती खूणपट्टीपर्यंत भरून घ्या. त्यानंतर आठवडाभर रोज सकाळी, इंजिन थंड असताना, टाकीचा फोटो काढा. थंड इंजिन सुरू करून मिनिटभरात रेडिएटरचा वरचा पाइप दगडासारखा कडक झाला, किंवा पातळी चौथ्या-पाचव्या दिवशीही उतरत राहिली, तर गाडी चालवत राहू नका. ते फोटो घेऊन वॉरंटीत परत न्या.